माकडाला भुंग्याचा न्याय

कोकणात बागायतदारांचा मेळावा असो, ग्रामसभा असो की तालुक्याच्या ठिकाणी बोलावलेली एखादी बैठक असो, माकडांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास टाळी घेते: "माडातला भुंगा मारला तर कृषी खाते पाठ थोपटते आणि माडावरचे माकड मारले तर वनखाते गुन्हा दाखल करते, हा कुठला न्याय?" टाळ्या थांबल्या की दुसऱ्या बाजूचे कोणीतरी दुखावल्या स्वरात विचारते, की मारुतीरायाची जात आणि शेणातला किडा यांना तुम्ही एका पंक्तीला बसवता तरी कसे? तिथून पुढे चर्चा बंदूक आणि भक्ती यांच्यामध्येच हेलपाटे घालत राहते. तास-दीड तासाने सगळे घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माडाखाली अर्धवट फोडलेल्या शहाळ्यांचा सडा पडलेला असतोच.

भुंगा आणि माकड यांची तुलनाच करू नये, असे मला मुळीच वाटत नाही. उलट ती शेवटपर्यंत नेली पाहिजे, कारण ती अर्ध्यावर सोडल्यामुळेच हा वाद इतका निष्फळ झाला आहे. भुंग्याच्या बाबतीत आपण पहिला प्रश्न विचारतो तो नुकसान कशाने कमी होईल हा. माकडाच्या बाबतीत पहिला प्रश्न असतो तो या प्राण्याला मारता येईल का हा. पहिल्या प्रश्नातून शेतकऱ्याच्या हाती साधने आली, दुसऱ्यातून नुसते पक्ष उभे राहिले. माकडालाही भुंग्याचाच न्याय लावा, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे. मात्र भुंग्याला आपण नेमका कोणता न्याय लावतो हे त्यांनी एकदा तपासून पाहावे, कारण तो 'दिसेल तिथे मारा' असा नाही.

गेंडा भुंगा माडाचे काय करतो हे वाडी असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. रात्री उडत येऊन तो शेंड्याशी, न उमललेल्या सुईच्या बुडाशी शिरतो, आतला कोवळा गाभा चघळतो आणि चोथा भोकाबाहेर ढकलतो. पुढे ती सुई उलगडते तेव्हा झावळ कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. मोठा माड यातून तग धरतो, पण उत्पन्न घटते. लहान रोपाचा कोंबच गेला तर रोप संपते. मात्र हे सारे उद्योग पूर्ण वाढलेल्या भुंग्याचे. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग अळीच्या रूपात जातो आणि ती पांढरी, जाड, वेटोळे करून पडलेली अळी माडाला बोटही लावत नाही. ती शेणखताच्या खड्ड्यात, कुजलेल्या खोडात, पालापाचोळ्याच्या ढिगात वाढते. म्हणजे नुकसान माडाच्या शेंड्यावर दिसते आणि त्याचे मूळ आपल्याच गोठ्यामागच्या उकिरड्यात असते. हे एकदा कळले, की लोखंडी आकडी घेऊन शेंड्यातला एकेक भुंगा ओढून काढणे हा उपायांमधला फक्त शेवटचा उपाय ठरतो. तो करायचा असतोच, पण केवळ त्याने वाडी वाचत नाही.

ही गोष्ट जगाला सहज कळलेली नाही. १९०९ मध्ये सिलोनहून रबराच्या रोपांबरोबर हा भुंगा पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवर पोहोचला. तिथे त्याला कोणी नैसर्गिक शत्रू नव्हता आणि माड मात्र अफाट होते. बेटांवर तेव्हा जर्मनांचा अंमल होता. त्यांनी सरळ वाटेल असाच मार्ग धरला आणि रहिवाशांवर भुंगे व अळ्या गोळा करून आणण्याची सक्ती केली. ढीगच्या ढीग भुंगे जमले, नष्ट केले गेले आणि तरीही भुंगा राहिला. पहिल्या महायुद्धात बेटे न्यूझीलंडच्या ताब्यात गेली, राज्यकर्ते बदलले, भुंगा गेला नाही. पलाऊ बेटांवर तो १९४२ च्या सुमारास आला आणि दशकभरात तिथले निम्म्याच्या आसपास माड गेले. खरा फरक पडला तो १९६० च्या दशकात. मलायातल्या भुंग्यांमध्ये रोग घडवणारा एक विषाणू ॲलॉइस ह्यूगर या शास्त्रज्ञाला सापडला आणि १९६७ मध्ये तो सामोआत सोडण्यात आला. भुंगे मीलनातून आणि अळ्यांच्या वाढीच्या जागी तो एकमेकांना देत गेले आणि त्यांची संख्या उतरली. आपल्याकडे लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावरही पुढे हाच उपाय उपयोगी पडला. अर्थात ही कथाही परीकथा नाही: २००७ मध्ये ग्वाम बेटावर जो भुंगा पोहोचला, त्याच्यावर या विषाणूचा पुरेसा परिणाम होत नाही असे आढळले. तरीही जवळजवळ साठ वर्षांची मोजणी आणि मारणी हरली आणि भुंग्याच्या जीवनक्रमाचे ज्ञान जिंकले, एवढे या इतिहासातून निर्विवाद निघते.

आज रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील १९५५ पासूनच्या नारळ संशोधन केंद्रात किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा. गेंडा भुंग्यावरचा सल्ला एका ओळीचा मिळणार नाही. शेणखताचा खड्डा उकरून अळ्या काढा, त्यात अळ्यांना मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळा, कुजकी खोडे वाडीत ठेवू नका, सुईजवळच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि वाळू भरा, भुंग्याला गंधाने ओढणारे कामगंध सापळे लावा, आणि तेही एकट्याने लावू नका. हे शेवटचे सांगणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एकाच वाडीत सापळा लावला तर शेजारच्या चार वाड्यांतले भुंगे तिकडे ओढले जाण्याचा धोका असतो. साऱ्या परिसराने मिळून लावले तरच त्याचा अर्थ. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली या पट्ट्यात माड-पोफळी आडव्या केल्या. अशा वेळी ज्याने आपल्या वाडीतली खोडे हलवली आणि ज्याने ती तशीच कुजू दिली, त्या दोघांना भुंगा मात्र सारखाच भोगावा लागतो. किडीला बांध कळत नाही.

आता हाच न्याय माकडाला लावून पाहू. कोकणात ज्याला माकड किंवा काही भागांत केलडी म्हणतात, ते लाल तोंडाचे, डोक्यावर केसांचा भांग पाडल्यासारखी टोपी असलेले जनावर फक्त दक्षिणेकडच्या भारतीय द्वीपकल्पात आढळते. भुंग्याप्रमाणे तेही इथलेच, बाहेरून आलेले नाही. मग जे शतकानुशतके इथेच होते ते आताच एवढे डोईजड का झाले? भुंग्याचा धडा सांगतो की शेंड्याकडे पाहू नका, उकिरड्याकडे पाहा. माकडाचा उकिरडा कुठे आहे? तो घाटातल्या वळणावर आहे, जिथे मुंबईकर पर्यटक गाडीची काच खाली करून वेफर्सची पाकिटे रिकामी करतात आणि फोटो काढतात. तो देवळाच्या आवारात आहे, जिथे शनिवारी केळी वाहिली जातात. तो हॉटेलमागच्या उघड्या कचऱ्यात आहे. आणि तो, सांगायला जड जाते, पण आमच्या ओस पडलेल्या वाड्यांमध्येही आहे. घराला कुलूप आहे, मालक डोंबिवलीत किंवा विरारला आहे, वाडीतले आंबे-फणस-नारळ कोणी उतरवत नाही आणि हाकलायला कुत्रेसुद्धा नाही, अशी जागा माकडांच्या टोळीला आयतीच मिळते. तिथे मुक्काम करून ती शेजारच्या राखलेल्या वाडीवर चालून जाते.

डोंगराकडची बाजूही विसरता येणार नाही. १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना आली आणि कोकणातले उतार काजू-आंब्याने भरले. त्या योजनेने हजारो कुटुंबांना उभे केले, हे मी कौतुकाने म्हणतो. पण ज्या रानात उंबर, जांभूळ, करवंद, रातांबा, रानफणस असे महिन्यामागून महिना काही ना काही पिकत असे, तिथे एकाच वेळी पिकणारी एकसुरी बाग आली. माकडाला वर्षातले दोन महिने मेजवानी आणि उरलेल्या महिन्यांत माणसाचे घर, परसू आणि माड. हे माकडाने ठरवलेले नाही.

इथे बागायतदार मला अडवील आणि त्याचे म्हणणे पूर्ण ऐकले पाहिजे. तो म्हणेल की भुंगा सुई कापतो, माकड तयार फळ नेते. एका नुकसानीवर खत-पाणी देऊन माड सावरता येतो, दुसरीत हातातोंडाशी आलेला घास जातो. भुंगा सापळ्यात सापडतो, माकड तिसऱ्याच दिवशी बुजगावण्याच्या डोक्यावर बसते. सुतळी बॉम्ब, पत्र्याचे डबे, आरशांच्या माळा, जाळ्या यांपैकी काहीच फार काळ चालत नाही, कारण हे जनावर शिकते आणि शिकलेले टोळीतल्या पोरांच्याही अंगवळणी पडते. माकड घराची कौले उपसते, पावसाळ्याच्या तोंडावर नवी कौले घालायला माणूस मिळत नाही. दुधी, पडवळ, चवळी, भुईमूग लावणे कित्येकांनी सोडूनच दिले. भरपाईसाठी पंचनामा मागितला तर झाड उभे दिसते, फळ नाहीसे झालेले असते आणि नाहीशा झालेल्या शहाळ्याचा पंचनामा होणार कसा? हत्तीने माड उपटला तर निदान उपटलेला माड दाखवता येतो. दोडामार्गकडे २००२ पासून तेही दुःख आहेच. सत्तरीच्या नवरा-बायकोने दिवसभर काठी घेऊन वाडीत उभे राहावे, असा सल्ला शहरातून देणाऱ्यांनी तो आधी एक उन्हाळा स्वतः पाळावा.

कायद्याबाबतही त्याचे म्हणणे बिनतोड आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि आधी दुसऱ्या अनुसूचीत असलेले हे माकड सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत गेले. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकाला कलम ११ खाली देता येते ती फक्त तो माणसाच्या जिवाला धोकादायक असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल तर. उभ्या पिकाचे नुकसान हे कारण तिथे चालत नाही. कलम ६२ खाली उपद्रवी घोषित करण्याचा मार्गही पहिल्या अनुसूचीसाठी बंद आहे. त्याच दुरुस्तीत उत्तरेकडचे ऱ्हिसस माकड मात्र अनुसूचींमधून वगळले गेले. केरळने आपल्याकडच्या माकडाला पुन्हा दुसऱ्या अनुसूचीत आणण्याची मागणी केली ती उगाच नाही. ज्याचे पीक जाते त्याला कायद्याच्या दारात उभेही राहता येऊ नये, ही रचना मलाही पटत नाही आणि ती बदलावी असे मी म्हणेन. मात्र दार उघडले म्हणजे घर मिळाले असे होत नाही. शिमल्याचा अनुभव तेच सांगतो. हिमाचल प्रदेशात ऱ्हिसस माकडांची नसबंदी २००७ च्या सुमारास सुरू झाली, लाखाहून अधिक माकडांवर शस्त्रक्रिया झाल्या, २०१६ मध्ये केंद्राने शिमला शहरात त्यांना उपद्रवी ठरवून मारण्याची मुभा दिली आणि पुढे ती राज्यातल्या बऱ्याच तालुक्यांना मिळाली. तरी मारायला फारसे कोणी पुढे आले नाही. मागणी करणारे खोटे बोलत होते का? नाही. पण डोळ्यांत डोळे घालून पाहणाऱ्या, पिलू पोटाशी धरलेल्या जनावरावर नेम धरणे आणि आकडीने भुंगा खेचणे या एकाच जातीच्या कृती नाहीत, हे घोषणेच्या वेळी लक्षात येत नाही.

म्हणूनच दुसऱ्या बाजूचा मुद्दाही मी हसण्यावारी नेणार नाही. माकडाला वेदना होते, भीती वाटते, आई मेली तर पिलू पोरके होते आणि टोळीत त्याचे स्थान असते, हे भावनेचे बोल नसून उघड दिसणारे वास्तव आहे. भुंग्याला काहीच जाणवत नाही असे मी ठामपणे म्हणणार नाही, पण दोघांच्या जाणिवेत अंतर आहे आणि ते अंतर नाकारून केलेली तुलना अप्रामाणिक ठरेल. गावोगावच्या मारुतीच्या देवळांनी हे जनावर टिकवले, असे म्हटले तर त्यातही तथ्य आहे. पण भक्तीवाल्यांना माझा एक साधा प्रश्न आहे. ज्या श्रद्धेने माकडाला अवध्य ठरवले, तिनेच त्याला केळी चारून रानातून रस्त्यावर आणले, याचे उत्तरदायित्व ती घेणार की नाही? शनिवारचा नैवेद्य वाहून पुण्य एकाने मिळवायचे आणि शहाळ्यांचा हिशोब शेजारच्या वाडीवाल्याने भरायचा, हा धर्म कुठल्या पोथीत आहे? घाटातल्या पर्यटकाला तर श्रद्धेचाही आधार नाही. त्याला फक्त गंमत हवी असते.

जीवनक्रमाच्या हिशोबात दोघांमधले अंतर आणखी ठळक होते. भुंग्याची मादी पन्नासच्या आसपास किंवा त्याहून जास्त अंडी घालते आणि साधारण अर्ध्या वर्षात नवी पिढी शेंड्यावर चढते. माकडाच्या मादीला वयात यायला तीन-चार वर्षे लागतात, गर्भ साडेपाच महिन्यांच्या आसपास वाढतो आणि एका वेळी एकच पिलू होते. भुंगे कितीही मारले तरी ते भरून निघतात, सामोआने ते पाहिले. माकडे मारली तर ती लवकर भरून निघत नाहीत, आणि म्हणून मारणे परिणामकारक ठरेल असे वाटणे साहजिक आहे. पण परिणाम कशावर? म्हैसूर परिसरात रस्त्यांकडेच्या याच माकडांची संख्या पंचवीस वर्षांत निम्म्याहून अधिक घटल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे आणि धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याची गणना आता 'असुरक्षित' प्राण्यांत होते. म्हणून शेतकऱ्याची तक्रार खोटी ठरत नाही. एकूण संख्या घसरत असताना एखाद्या गावात त्रास वाढू शकतो, कारण त्रास डोक्यांच्या संख्येवर ठरत नाही. टोळीला कुठे खायला मिळते आणि कुठे तिला कोणी उठवत नाही, यावर तो ठरतो. नसबंदीची मर्यादाही इथेच आहे. शस्त्रक्रिया झालेले माकड पुढची पंधरा-वीस वर्षे पिले देणार नाही, पण नारळ खाणे सोडणार नाही. नसबंदी उपयोगाची नाही असे मी म्हणत नाही. फक्त तिचे फळ पुढच्या पिढीला मिळेल, यंदाच्या हंगामाला नाही, हे गावाला आधीच सांगितले पाहिजे.

पकडून दुसरीकडे सोडणे हा तर सर्वांचा लाडका उपाय, कारण त्यात कोणी मरत नाही आणि पिंजरा गाडीत चढताना छायाचित्रही चांगले येते. २००७ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर दिल्लीतली माकडे असोला भाटीच्या अभयारण्यात हलवायला सुरुवात झाली; तिथे त्यांना सरकारी खर्चाने खायला घालावे लागले आणि शहरातला त्रास काही संपला नाही. कोकणात तर याला आणखी एक भीषण बाजू आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासानूर जंगलात पहिल्यांदा ओळखलेला माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात आला आणि काजूच्या बागांत राबणारी माणसे तापाने फणफणली. हा रोग गोचिडीतून पसरतो. माकड मरून पडले की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या नवा आसरा शोधतात आणि रानात मेलेले माकड हीच पुष्कळदा गावाला मिळणारी पहिली सूचना असते. अशा पट्ट्यात टोळ्या फोडून, माकडे गाडीत घालून, एका तालुक्यातून दुसऱ्यात सोडणे म्हणजे काय काय हलवणे असते, याचा विचार करूनच पिंजरा लावला पाहिजे. बंदुकीने मारून रानात टाकून देण्यालाही हेच लागू आहे.

एक गोष्ट जाता जाता सांगितली पाहिजे. सभांमधून 'वानर-माकडे' असा जोडउल्लेख होतो आणि निवेदनेही तशीच लिहिली जातात. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर पालवी, मोहोर, शेंगा यांवर अधिक जगते. लाल तोंडाचे माकड गालाच्या पिशव्या भरून फळे-दाणे पळवते, कचरा चिवडते आणि माणसाच्या हातातलेही ओढून घेते. दोघांच्या नुकसानीची वेळ वेगळी आणि वाटही वेगळी. गेंडा भुंगा आणि सोंड्या भुंगा यांची अशी गल्लत कोणताही बागायतदार करणार नाही, कारण पहिल्याचा भुंगा माडाला छळतो आणि दुसऱ्याची अळी खोडात राहून माड मारते. पहिल्याने केलेल्या जखमेतून दुसरा आत शिरतो हेही त्याला ठाऊक असते. किड्यांच्या बाबतीत एवढा बारकावा जपणारा समाज दोन मोठ्या प्राण्यांना एकाच निवेदनात का कोंबतो? कारण भुंग्यावर उपाय हवा होता. माकडाबद्दल आपल्याला आजवर निकाल हवा होता, उपाय नव्हे.

मग उपाय काय, असे विचारणाऱ्याला मी भुंग्यावरच्या सल्ल्यातलीच ओळ दाखवीन: साऱ्या परिसराने मिळून. माकडांची टोळी पाच-दहा वाड्या धरून फिरते. एकाने सौर कुंपण घातले की ती शेजाऱ्याकडे वळते आणि शेजारी त्याच्याशी बोलणे टाकतो. जुन्या काळी गावाची राखण होती. सामाईक राखण्या ठेवत, त्याला प्रत्येक घर आपल्या परीने धान्य देई. तो काळ परत आणा असे भाबडे आवाहन मी करणार नाही, कारण तेव्हा गावात माणसे होती आणि राखण्याच्या वाट्याला आलेली गरिबीही होती. पण त्यातले सूत्र घेता येते. घाटात आणि देवळांत खायला घालण्यावर खरोखर बंदी, दंडासह. बाजारपेठा आणि हॉटेलांच्या कचऱ्याला झाकण. कुलूपबंद वाड्यांची फळे गावाने उतरवून त्याचा हिशोब मालकाला देण्याची सोय. उतारावर काजूच्या रांगांमध्ये आणि ओढ्याकाठी उंबर-जांभळाची पुन्हा लागवड. आणि फळ धरल्यापासून उतरेपर्यंत पगारी, शिकवलेले राखणदार, जे एका मालकाचे नसून एका टोळीच्या साऱ्या फिरण्याच्या क्षेत्राचे असतील. हे केल्यावरही एखादे माकड माणसांवर धावून येत असेल तर त्याला पकडावे, आणि कायद्यात वाट नसेल तर ती मागावी.

पैसा कुठून आणायचा, हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. १९९० नंतर सरकारने खड्डे काढायला, रोपे लावायला, ती जगवायला पैसे दिले, कारण पडीक डोंगर हिरवा करणे हे सार्वजनिक काम मानले गेले. त्याच झाडांचे फळ पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे साऱ्या देशाने जपायचे ठरवलेल्या प्राण्यापासून राखणे हे मात्र मालकाचे खासगी काम कसे होते? देशाला माकड हवे असेल, आणि मला ते हवे आहे, तर त्याच्या पोसण्याचा खर्च राजापूरच्या किंवा गुहागरच्या एका म्हाताऱ्याच्या खात्यावर टाकता येणार नाही. नुकसानभरपाई मागाहून, पंचनाम्यानंतर, हेलपाटे घालून मिळते. राखणीची मजुरी आधी मिळते, नुकसान टाळते आणि गावातल्या दोन तरुणांना हंगामभर कामही देते. दोन्हींचा खर्च शेजारी शेजारी मांडून पाहायला कोणाची हरकत असावी?

तो मांडण्यासाठी आकडे लागतील आणि इथे दोन खात्यांमधली फट आडवी येते. भुंगा कृषी खात्याचा आहे, माकड वनखात्याचे. कृषी खात्याला नुकसान कळते पण प्राण्याला हात लावता येत नाही; वनखात्याला प्राणी कळतो पण माडाचे उत्पन्न हा त्याचा विषय नव्हे. कासरगोडच्या नारळ संशोधन केंद्राचा आरंभ १९१६ चा. तेव्हापासून भुंग्याने किती सुया कापल्या, किती पोया (फुलोरे) भोकसल्या हे माडामागे मोजण्याची शिस्त देशात रुजली. माकडाने कोणत्या वाडीत, कोणत्या महिन्यात, कोणत्या पिकाचे किती नेले, याची तशी नोंदवही गावागावात ठेवायला कोणत्याही अनुसूचीची परवानगी लागत नाही. ती कृषी सहायक आणि वनरक्षक या दोघांच्या सहीने, ग्रामपंचायतीच्या कपाटात, येत्या काजूच्या हंगामापासून सुरू होऊ शकते. पुढच्या वर्षीच्या सभेत मारावे की न मारावे यावर हात वर करायला सांगण्याआधी अध्यक्षांनी ती वही वाचून दाखवावी.